साक्ष कागदाची आणि साक्ष कामाची

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात बडोदे येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव या मेळाव्यातील इतर वक्त्यांनी यथोचित केला आहे. या भाषणाचा विषय मात्र वरकरणी शाळेच्या भिंतींबाहेरचा आहे. कारखान्याच्या उत्पादन विभागात काम करणाऱ्या अभियंत्याला व्यावसायिक प्रमाणपत्रांचा बढतीसाठी, प्रगतीसाठी खरोखर उपयोग होतो काय, हा तो विषय. शाळेचे जुने हजेरीपट चाळले तर तो परका वाटत नाही. मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावली आणि हालोल या औद्योगिक वसाहतींत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बसमध्ये या शाळेचा एखादा तरी माजी विद्यार्थी असतोच. पालकसभेतही दहावीच्या गुणांची चर्चा संपली, की प्रश्न येतो तो थोरल्या मुलाचा. त्याची अभियांत्रिकीची पदवी झाली, नोकरीही लागली. आता तो म्हणतो आहे की अमुक प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यासाठी मुदत ठेव मोडावी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना 'शिक्षण कधी वाया जात नाही' एवढेच सांगून परत पाठवणे सोपे आहे. परंतु ठेव त्यांची मोडणार असते आणि दोन-तीन वर्षांच्या रविवारच्या सुट्ट्या त्या मुलाच्या खर्ची पडणार असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके असायला हवे.

औद्योगिक शिक्षण आणि बडोदे यांचे नाते जुने आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन केले आणि त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. तंत्रविद्या देशी भाषांतून शिकवली जावी, हा त्या संस्थेमागचा आग्रह होता. पुढे ज्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखू लागलो, ते दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली आणि कलाभवनाची परंपरा विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत विलीन झाली. हाताला कसब द्यावे आणि त्या कसबाची जगापुढे नोंद व्हावी, अशी दुहेरी अपेक्षा त्या काळापासून या नगरीत नांदते आहे.

याच काळातील आणखी एक मराठी उदाहरण आठवण्याजोगे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, रंगांधळेपणामुळे तो मार्ग खुंटला. यांत्रिक रेखांकनाचे ज्ञान मिळवून त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पदवीवाचून काही अडत नाही, हे सांगण्यासाठी त्यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. पण त्याच लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकायला पाठवले आणि १९२६ मध्ये शंतनुराव यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, हा उत्तरार्ध बहुधा सांगायचा राहून जातो. स्वतः पदवीविना कारखाना उभारणाऱ्या पित्यालाही मुलासाठी रीतसर शिक्षणाचे मोल कळले होते.

तेव्हा प्रमाणपत्र म्हणजे सर्वस्व नव्हे आणि निव्वळ कागदही नव्हे. प्रमाणपत्र ही मूलतः साक्ष आहे. ज्याने आपले काम पाहिलेले नाही, अशा अनोळखी माणसापुढे तिसऱ्या कुणीतरी दिलेली ती ग्वाही असते. शाळेतलेच उदाहरण घ्यावे. पाचवीपासून दहावीपर्यंत ज्या शिक्षकांनी मुलाला पाहिले, त्यांना त्याची पारख करायला दाखला लागत नाही. दाखला लागतो तो पुढच्या शाळेला. कारखान्यातही हेच घडते. ज्या फोरमनने दहा वर्षे एखाद्याचा हात पाहिला आहे, त्याच्यापुढे प्रमाणपत्र ठेवल्याने त्याचे मत फारसे बदलत नाही. पण ग्राहकाचा निरीक्षक, शासनाचा अधिकारी किंवा दुसऱ्या कंपनीतील मुलाखत घेणारा यांच्यापैकी कुणीही तो हात पाहिलेला नसतो. प्रमाणपत्राचा खरा उपयोग या अनोळखी माणसापुढे होतो. हे सूत्र ध्यानात ठेवले तर कोणते प्रमाणपत्र उपयोगी आणि कोणते शोभेचे, याचा निवाडा बराच सोपा होतो.

अशा प्रमाणपत्रांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कायद्याने आवश्यक असलेल्यांचा. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. त्यानुसार खत, सिमेंट, पोलाद, कागद अशा उद्योगांतील मोठ्या ऊर्जाग्राहक कारखान्यांना ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो आणि तो ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेला असावा लागतो. व्यवस्थापक होण्यासाठी तीन प्रश्नपत्रिका असतात. ऊर्जा लेखापरीक्षक व्हायचे तर चौथी. खते आणि रसायने यांच्या कारखान्यांनी वेढलेल्या बडोद्याला या परीक्षेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बॉयलरचेही तसेच. १९२३ चा बॉयलर कायदा शंभर वर्षे चालला आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पण सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच बॉयलर चालवावा, हे तत्त्व कायम आहे. क्ष-किरणांनी किंवा गॅमा किरणांनी धातूची तपासणी करायची असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार किरणोत्सर्गी सुरक्षिततेचे शिक्षण घेतलेलाच माणूस लागतो. या ठिकाणी उपयोग होतो की नाही, ही चर्चा संभवत नाही. प्रमाणपत्र नसेल तर ते पदच मिळत नाही.

दुसरा वर्ग ग्राहकाने मागितलेल्या प्रमाणपत्रांचा. वेल्डिंगचा जोड बाहेरून कितीही सुबक दिसला तरी त्याच्या पोटात काय आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्या जोडावर विसंबणारा ग्राहक आधी माणसांची परीक्षा मागतो. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यांना युरोपीय मानकानुसार वेल्डिंग करायचे असेल, तर त्या कामावर पात्र वेल्डिंग समन्वयक असावा लागतो आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय वेल्डिंग अभियंता ही पात्रता जगभर ओळखली जाते. सावलीला मेट्रोचे डबे तयार होतात. बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ या विमानाच्या जुळणीच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. भारताने घेतलेल्या ५६ विमानांपैकी ४० येथे जुळवली जाणार आहेत. विमानाच्या सुट्या भागांची तपासणी करणाऱ्यांसाठीही स्वतंत्र मानके आहेत. असे उद्योग ज्या नगरीत येतात, तेथे या प्रमाणपत्रांना मागणी निर्माण होते आणि ती मागणी प्रत्यक्ष कामातून आलेली असल्यामुळे टिकाऊ असते.

या दुसऱ्या वर्गाचे महत्त्व शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या हकिकतीवरून समजते. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन तो मकरपुऱ्यातील एका कारखान्यात लागला. तेथे दाबपात्रे आणि उष्णता विनिमयक बनत. अकरा वर्षे तो तपासणी विभागात होता. श्राव्यातीत ध्वनियंत्राच्या पडद्यावरील रेघ पाहून जोड कोठे नीट मिसळला नाही, हे तो अचूक सांगतो, याची ख्याती साऱ्या शॉपमध्ये होती. परंतु ग्राहकाचा निरीक्षक आला की तपासणीच्या अहवालावर सही लागे ती दुसऱ्या पातळीचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाची. ती सही करायला रोजंदारीवर बाहेरून एक तरुण बोलावला जाई. दोष शोधायचा याने, सही करायची त्याने, असे कित्येक वर्षे चालले. बढतीच्या यादीत याचे नाव कधी आले नाही, कारण कागदोपत्री त्याने काही केलेलेच नव्हते. अखेर पस्तिशी ओलांडल्यावर त्याने प्रशिक्षणाचे तास पूर्ण केले, दृष्टीची तपासणी करून घेतली, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा दिली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ज्ञानात भर पडली ती बेताची. पण अहवालावर त्याची सही होऊ लागली आणि दीड वर्षात तपासणी विभाग त्याच्याकडे आला.

या हकिकतीत प्रमाणपत्राने गुणवत्ता निर्माण केली नाही. अकरा वर्षे दडून राहिलेली गुणवत्ता त्याने उजेडात आणली. शांतपणे, न बोलता उत्तम काम करणारी माणसे या समाजात पुष्कळ आहेत. आपले काम आपोआप बोलेल, असा त्यांचा विश्वास असतो. काम बोलते हे खरे. पण ते ज्यांच्या कानांपर्यंत पोचायला हवे, ते पुष्कळदा त्या शॉपमध्ये पाऊलही ठेवत नाहीत.

तिसरा वर्ग प्रतिष्ठेच्या प्रमाणपत्रांचा, आणि पालकांची सर्वाधिक फसगत होते ती येथे. सिक्स सिग्मा हे नाव आता घरोघरी पोचले आहे. १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ या अभियंत्याने ही पद्धत मांडली. दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा अधिक दोष असू नयेत, असे तिचे उद्दिष्ट. प्रश्नाची व्याख्या, मापन, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण असे तिचे पाच टप्पे. कराटेतील पट्ट्यांवरून तिच्या पायऱ्यांना यलो बेल्ट, ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट अशी नावे मिळाली. नव्वदच्या दशकात जॅक वेल्श यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ही पद्धत राबवली आणि व्यवस्थापनातील बढतीसाठी तिचे प्रशिक्षण ही अट करून टाकली. त्या कंपनीत त्या काळी बेल्टविना वर जाणे कठीण झाले, आणि तेव्हापासून 'बेल्ट घेतला की बढती' हे समीकरण जगभर पसरले.

समीकरण पसरले, पण त्यामागची अट मागे राहिली. सिक्स सिग्माची प्रमाणपत्रे देणारी जगात एकच अधिकृत संस्था नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ब्लॅक बेल्टसाठी परीक्षा तर घेतेच, शिवाय पूर्ण केलेल्या प्रकल्पाचे प्रतिज्ञापत्रही मागते. उलट दोन दिवसांच्या वर्गानंतर, कारखान्याचे दारही न पाहता तेच नाव छापलेला कागद देणाऱ्याही पुष्कळ आहेत. दोन्ही कागदांवर शब्द तेच असतात. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पी. एम. पी. या प्रमाणपत्रासाठी पदवीधराला प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते, आणि ते मिळाल्यावर दर तीन वर्षांत व्यावसायिक अभ्यासाचे ६० गुणांक जमवावे लागतात. तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला कुणी 'पी. एम. पी. करून देतो' असे सांगत असेल, तर पालकांनी तेथून उठून यावे हे बरे.

एका तरुण अभियंत्याने सहा वर्षांत असे सात कागद जमवले होते. तिन्ही बेल्ट होते, आरेखनाच्या दोन संगणक प्रणाली होत्या, आणखी काही होते. मुलाखतीत त्याला एवढेच विचारले गेले, की कोणत्या यंत्रावरचा नाकारलेला माल किती होता, तो किती कमी झाला आणि कशामुळे. सात कागदांपैकी एकानेही या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून कधी घेतले नव्हते. त्या तरुणाच्या बुद्धीत काही उणे नव्हते. ज्या वर्षांत यंत्रापाशी उभे राहून हे उत्तर गोळा करायचे, त्या वर्षांत तो वर्गात बसला होता.

या तीन वर्गांतून प्रत्येक पालकाने आणि माजी विद्यार्थ्याने पैसे भरण्यापूर्वी विचारावेत असे काही प्रश्न निघतात. पहिला असा, की हे प्रमाणपत्र मागतो कोण? कायदा मागतो, ग्राहक मागतो, की केवळ ते विकणारा त्याची थोरवी गातो? ज्या पदाची इच्छा आहे, त्या पदाच्या दहा जाहिराती वाचल्या आणि ते पद सांभाळणाऱ्या दोघा-तिघांना भेटले, तर याचे उत्तर एका आठवड्यात मिळते.

दुसरा प्रश्न, ते मिळवण्यासाठी काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो काय? आणि ते टिकवण्यासाठी काम करत राहावे लागते काय? या बाबतीत वेल्डरचे प्रमाणपत्र आदर्श मानावे. अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेनुसार, वेल्डरने ज्या पद्धतीत परीक्षा दिली त्या पद्धतीचे काम सहा महिने केले नाही तर त्याची पात्रता संपते. परीक्षेला किती गुण होते, याला मग अर्थ उरत नाही. हात थांबला की कागदही थांबतो. मोठमोठ्या पदव्यांना हा नियम लावला तर भल्याभल्यांची पंचाईत होईल.

तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. प्रमाणपत्र कुणाच्या मालकीचे? विनाशविरहित तपासणीत, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातील दोष शोधण्याच्या विद्येत, एक अमेरिकन पद्धत अशी आहे की प्रमाणपत्र मालक देतो आणि नोकरी सुटली की ते संपुष्टात येते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्रयस्थ संस्थेने दिलेले प्रमाणपत्र मात्र माणसाबरोबर जाते. दोन्हींचा अभ्यास जवळपास सारखा, दोन्हींवर पातळीचा आकडा तोच. पण नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्हींची किंमत सारखी राहत नाही. बडोदेकरांना हे समजावून सांगावे लागू नये. हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना १९९६ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये बंद पडला. कारखाना बंद पडतो तेव्हा अनुभव जात नाही, परंतु त्या अनुभवाची साक्ष देणारे फोरमन, व्यवस्थापक, सहकारी चहूकडे पांगतात. अशा वेळी चाळिशीतल्या माणसाला अनोळखी लोकांपुढे नव्याने उभे राहावे लागते, आणि त्याच्याबरोबर चालत येईल असा कागद त्याच्या खऱ्या उपयोगी पडतो. पुढे त्याच हालोलच्या कारखान्यातून २०१९ पासून दुसऱ्या नावाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. ज्यांच्यापाशी कामही होते आणि त्याची साक्षही होती, अशांना नव्या दारात उभे राहणे कमी अवघड जाते.

चौथा प्रश्न मान्यतेच्या मुदतीचा. कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची ए. एम. आय. ई. ही परीक्षा म्हणजे नोकरी सांभाळून शिकणाऱ्या पदविकाधारकांचा कित्येक दशकांचा आधार. रात्रपाळी करून, सकाळी दोन तास अभ्यास करून ती उत्तीर्ण झालेल्यांच्या पिढ्या आहेत. परंतु पदवीशी समकक्षतेची शासकीय मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरती राहिली. त्यानंतर नोंदणी करणाऱ्याने हे तपासले नसेल, तर कष्ट तेवढेच करूनही हाती येणारे फळ वेगळे असते. म्हणून वडिलांना ज्या परीक्षेने तारले तीच मुलालाही तारेल, असे गृहीत धरू नये. पदविकाधारकांना आता पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्या मार्गाचाही विचार व्हावा.

माजी विद्यार्थिनींच्या संदर्भात एक गोष्ट विशेषत्वाने सांगितली पाहिजे. या शाळेतून गेल्या काही वर्षांत मुलीही मोठ्या संख्येने अभियांत्रिकीकडे वळल्या. लग्न, बाळंतपण, पतीची बदली किंवा घरातील आजारपण यांमुळे त्यांतील कित्येकींची चार-पाच वर्षे कारखान्याबाहेर जातात. परतताना त्यांना विचारले जाते ते मधल्या वर्षांविषयी. आधीच्या सहा वर्षांच्या कामाकडे कुणाचे लक्ष जात नाही. ऊर्जा व्यवस्थापनाची किंवा गुणवत्ता तंत्रज्ञानाची एखादी भक्कम परीक्षा अशा वेळी त्या सहा वर्षांना पुन्हा बोलते करते. घरातल्यांनी सुनेच्या किंवा लेकीच्या या परीक्षेच्या शुल्काकडे हौशीचा खर्च म्हणून पाहू नये.

आता भाषेचा प्रश्न. मराठी माध्यमात शिकलेले मूल इंग्रजीतील या परीक्षांना कसे सामोरे जाईल, ही चिंता बडोद्यासारख्या ठिकाणी दुहेरी असते, कारण येथे बाजारात गुजराती, कार्यालयात हिंदी-इंग्रजी आणि घरात मराठी. अनुभव असा आहे की दाब, ताण, घनता, विस्थापन या संकल्पना ज्याला मराठीत नीट कळल्या, त्याला त्यांची इंग्रजी नावे पाठ करायला काही महिने पुरतात. ज्याला त्या कोणत्याच भाषेत कळल्या नाहीत, त्याची अडचण मात्र भाषेने सुटत नाही. देशी भाषेत तंत्रविद्या शिकवणाऱ्या कलाभवनाने हे एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते.

शाळेचा या विषयाशी खरा संबंध येतो तो विज्ञानाच्या प्रयोगवहीत. लंबकाच्या प्रयोगात उत्तर आधी ठाऊक असल्यामुळे निरीक्षणे मागाहून जुळवून लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. शेजाऱ्याच्या वहीतील आकडे दशांश चिन्हासकट उतरवले जातात. शिक्षकही पुष्कळदा हसून सही करतात. हीच सवय घेऊन मूल कारखान्यात गेले तर मापाच्या नोंदवहीत न घेतलेली मापे लिहिली जातात. दाबपात्राच्या अहवालावर दुसऱ्या पातळीच्या प्रमाणपत्रधारकाची सही असते तेव्हा तिचा अर्थ असा, की या पात्रात दाबाखाली वायू भरला जाईल आणि त्याच्या शेजारी माणसे उभी राहतील. प्रमाणपत्र सही करण्याचा अधिकार देते, तसेच त्या सहीची जबाबदारीही खांद्यावर ठेवते. बढतीची चर्चा करताना तिचा हा भार विसरला जाऊ नये. जे दिसले तेच लिहायचे, चुकले तर काट मारून खाली पुन्हा लिहायचे, ही शिस्त कोणत्याही संस्थेच्या दोन दिवसांच्या वर्गात येत नाही. ती आठवीच्या प्रयोगशाळेत लावावी लागते.

तेव्हा मुदत ठेव मोडावी काय, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. पहिली तीन-चार वर्षे मुलाला यंत्रापाशी उभे राहू द्यावे, आपल्या हातून काय सुधारले याची तारखेसह वही ठेवू द्यावी. त्या काळात कायद्याने किंवा ग्राहकाने मागितलेले एखादे प्रमाणपत्र असेल, तर ते जरूर घ्यावे. पुष्कळदा चांगला कारखाना त्याचा खर्च स्वतःच करतो, आणि तसे विचारण्यात कमीपणा नाही. आपली दिशा कोणती, गुणवत्ता, वेल्डिंग, ऊर्जा की नियोजन, हे ठरल्यावर त्या दिशेचे एकच परंतु कठीण प्रमाणपत्र निवडावे. त्यासाठी ठेव मोडावी लागली तर ती सत्कारणी लागली असे समजावे. शेजारच्या मुलाने केले म्हणून, किंवा बायोडाटाचे पान रिकामे दिसते म्हणून मात्र ती मोडू नये.

या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांकडून शाळेची एक अपेक्षा आहे, आणि ती देणगीची नाही. निरनिराळ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आपापल्या क्षेत्रात कोणते प्रमाणपत्र खरोखर मागितले जाते, त्यासाठी कोणती अट आहे, त्याची मुदत किती आणि ते नोकरीबरोबर संपते की माणसाबरोबर राहते, एवढे एका पानावर लिहून द्यावे. ही पाने शाळेच्या ग्रंथालयात एका नोंदवहीत ठेवली जातील आणि दरवर्षी तपासून अद्ययावत केली जातील. महिन्यातील एका शनिवारी दोघा माजी विद्यार्थ्यांनी तासभर येऊन पालकांच्या शंकांचे निरसन केले तर कित्येक घरांची बचत होईल, आणि एखाद्या शॉपमध्ये अकरा वर्षे न बोलता काम करणाऱ्या कुणाला आपल्या सहीचा मार्ग सापडेल.

शाळेने गेल्या साठ वर्षांत हजारो दाखल्यांवर सही केली आहे. त्या सहीवर विसंबून ज्यांनी येथील मुलांना दारात घेतले, त्यांचा विश्वास या मुलांनी आपल्या कामाने राखला, याबद्दल शाळा सर्व माजी विद्यार्थ्यांची ऋणी आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.